दगडाखालचं बिऱ्हाड

…नाही, पाऊस नव्हता तो. मलाही आधी पाऊसच वाटला — वाळल्या पानांवर बारीक सर पडली की कसं सळसळतं, तसं सळसळ सळसळ, आणि मध्येच कंदिलाच्या काचेवर टिक् टिक्, कोणी तांदूळ फेकून मारून राहिलंय जसं. मी अंजनीला म्हटलं, वाळत घातलेलं आत घे. ती हसली, म्हणाली, आधी बाहेर येऊन तर पहा. — बसा, बसा श्रीकांतबाबू. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही. येतो म्हटलं ना मी? येतो. तुमचे वडील पलंगाला लागलेत, डॉक्टर म्हणतो आजचा दिवस निघणं कठीण, आणि त्यांनी माझं नाव घेतलं — रामरावला आणा, त्याच्या तोंडून एकदा ऐकू द्या, माफ केलं म्हणू द्या — सगळं समजलं मला. कान शाबूत आहेत माझे. पण मीही तुम्हाला एक गोष्ट बोललो, की आधी माझं पुरतं ऐकून घ्या, मग तुमच्या स्कूटरवर मागे बसतो. आणि तुम्ही बरं म्हणालात. मग आता घड्याळ काहून पाहता? अंधाराच्या आत पोचायचं, हो, माहीत आहे. भोंगा झाला की दिवे बंद, स्कूटरच्या दिव्याला अर्धं काळं फासलेलं, नेपियर टाउनपर्यंत चाचपडत जावं लागेल. आम्हाला लढाईचं नका सांगू जी, खमरियात राहतो आम्ही, दारूगोळ्याच्या कारखान्याला लागून. आमच्या खिडक्यांना तर दसऱ्यापासूनच काळे कागद आहेत.

तर बाहेर आलो. आणि सोनझिरीवर — नाला म्हणता तुम्ही लोक, आम्ही सोनझिरी म्हणायचो — तर सोनझिरीवर धूर उठल्यासारखा पांढरा थवा. पाकोळ्याच पाकोळ्या, पंख पतंगाच्या कागदासारखे, मागे केसासारख्या शेपट्या, वर चढायच्या अन् खाली यायच्या, वर चढायच्या अन् खाली यायच्या. अंजनी त्यांना सांजपाकोळ्या म्हणायची. त्यांना खायला तोंडच नसतं म्हणे. काय करायचं तोंड घेऊन? पाण्यातून निघायचं, लगीन लावायचं, पाण्यावर अंडी टाकायची आणि आटोपायचं, एका संध्याकाळचा सगळा संसार. त्याच्या आधी मात्र महिनेच्या महिने पाण्यात, दगडाला छाती लावून, वाहून जाऊ नये म्हणून घट्ट धरून. नवंनवं लगीन झालेलं आमचं, मी उगाच शहाणपणा केला — म्हटलं, इतके महिने बुडून राहायचं आणि एकच संध्याकाळ मोकळी, हा काही न्याय झाला? ती म्हणाली, काहून, पाण्यात काय वाईट आहे? — अशी होती ती. मी हळू बोलणारा, ती थोडं बोलणारी. आमच्या घरात भांड्यांचाच आवाज जास्त.

अंजनी शहपुऱ्याकडची. वडील रेल्वेत गँगमन, रुळाकाठच्या झोपडीत वाढलेली पोर. तिकडच्या बायकांची एक रीत होती, ती तिच्याबरोबर इकडे आली — नव्या ठिकाणचं पाणी भरण्याआधी पात्रातला एक दगड उलटा करून पाहायचा. खाली काय दिसतं? बिऱ्हाडवाले. म्हणजे एवढासा किडा असतो, तांदळाएवढा, वाळूचे कण आणि काड्या थुंकीनं चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतो आणि ती नळी ओढत ओढत फिरतो, घरदार पाठीवर. तो दिसला, बाजूला तीन शेपटांचे ते चपटे दिसले — ह्याच सांजपाकोळ्यांची पिल्लं ती — की पाणी चांगलं. भरा हंडा. नाही दिसला तर पुढे चला. आणि पाहून झालं की दगड होता तसा ठेवायचा, त्याच खळग्यात, त्याच कुशीवर. कोणाचं घर उघडं टाकायचं नाही, ती म्हणायची. मी हसायचो. म्हणायचो, बाई, तू पाणी भरायला जातेस का बिऱ्हाडं मोजायला? पण जात होतो तिच्यासोबत. रविवारी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहायचो आणि ती दाखवायची. पळसाचं पान पडलं की बिऱ्हाडवाले ते कुरतडतात, शिरांची जाळी तेवढी राहते. तीन शेपटांचे दगडावरचं शेवाळ खातात, म्हणून दगडावरून पाय घसरत नाही. चतुर उडतो ना, त्याचं पिल्लू गाळात दबा धरून बसतं, दिसायला ओंगळ, पण डासांच्या अळ्या मटामटा खातं. वर निवळ्या घसरून राहिल्या, त्या वरचं पाहून घेतात. आणि ह्या सगळ्यांना मासे खातात, माशांना खंड्या. काही वाया जात नाही. कोणी झाडू घेऊन उभं नाही आणि नाला कसा झाडून काढल्यासारखा.

तुम्हाला कशाला किड्यांचं सांगतो? म्हणजे काय, तुमच्या वडलांचंच सांगून राहिलो मी. दुसरं कोणाचं सांगणार.

ही आजची नाही, ती आधीची मोठी लढाई, इंग्रजांच्या वेळची. तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात, चाकावर गोट्या घासून द्या म्हणून माझ्याकडे यायचात, आठवतं? अच्छा, आठवतं. तर त्या लढाईत जो तो कारखाना काढून राहिला होता. तुमच्या वडलांनी, भय्यासाहेबांनी, सोनझिरीच्या काठावर शेड टाकली — शिपायांच्या पट्ट्यांची बकलं. पितळेची बकलं यायची, तेजाबाच्या हौदात बुडवायची, धुवायची, वर निकलचा मुलामा आणि मग माझ्याकडे पॉलिशच्या चाकावर. दिवसभर चाक घर्र घर्र आणि माझ्या नाकातोंडात लाल पावडर. काम चांगलं होतं, खोटं नाही बोलणार. भय्यासाहेबही तेव्हा खांद्यावर हात टाकून बोलायचे, रामराव म्हणायचे, रामा नाही. हौद जुना झाला की मागच्या नळानं नाल्यात सोडून द्यायचे आणि नवीन भरायचे. नळाच्या तोंडाशी दगड हिरवे पडले, मोरचुदासारखे. पण थोडं खाली गेलं की काय दिसावं? पाणी नितळ. आरसा. तळाचा खडा न् खडा मोजून घ्या. शेवाळ नाही, गाळ नाही, वळवळ नाही. आणि आमच्या कॉलनीची माणसं खूश. खूश जी. म्हणायची, आधी हंड्यात किडे यायचे, फडकं बांधावं लागायचं, आता पहा कसं गंगाजळ. भय्यासाहेबांच्या कारखान्यानं नाला साफ केला, असं बोलायची माणसं. त्यांच्या नावाचा नारळ फोडला एकानं, आता काय सांगू.

एक अंजनी तेवढी खूश नव्हती. दगड उलटायची, होता तसा ठेवायची आणि पुढे सरकायची. एक उलटला, दुसरा उलटला, पार वळणापर्यंत गेली, कोणी नाही. बिऱ्हाडांच्या रिकाम्या नळ्या तेवढ्या तळाशी पडलेल्या. हंडा तसाच रिकामा घेऊन परत आली, आणि त्या दिवसापासून शेडच्या वरच्या अंगाला जाऊन पाणी आणायला लागली, टेकडीखालून, लांबचा फेरा घालून. बायका हसायच्या. हिला आरशाचं पाणी चालत नाही, हिला किड्यांचं पाहिजे.

आणि मग एक दिवस ती सरळ शेडवर आली. मी चाकावर होतो, मला वाटलं डबा विसरलो. पदरात काहीतरी जड बांधलेलं. भय्यासाहेब खुर्चीवर बसले होते, बाजूला दोन-चार माणसं. ते म्हणाले, काय आणलंस अंजनी, शाळिग्राम आहे काय? सगळे हसले. तिनं पदर सोडला, टेबलावर दगड ठेवला. ओला होता, टेबलावर पाणी पसरलं. म्हणाली, ह्याच्याखाली आता कोणी राहत नाही. बस, एवढंच बोलली. माझे कान तापले, श्रीकांतबाबू. लाज वाटली मला तिची. मालकासमोर असा दगड आणून ठेवायचा? आणि तुमचे वडील म्हणाले — त्यांचा शब्द न् शब्द माझ्यापाशी आहे — म्हणाले, लोक किडे मरावेत म्हणून औषधं टाकतात, इथे आपसूक गेले तर हिला सुतक आलं. तिकडे माणसं मरून राहिलीत बाई, आणि तू किड्यांची फिर्याद घेऊन येतेस? जंग का काम है, जा, घर जा.

तिनं दगड परत पदरात घेतला. संध्याकाळी मी घरी आलो तर ती नाल्यात उभी होती, त्या दगडाचा खळगा शोधत होती. म्हटलं, आता कोणाचं घर आहे त्याच्याखाली, टाक कुठेही. तिनं ऐकलं नाही. ठेवला नीट, त्याच्या जागी.

पुढचं तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच जुळवा. मी आपलं पाहिलेलं सांगतो. पानगळ झाली, पानं पाण्यात पडली आणि पडूनच राहिली. कुरतडायला कोणी नाही. थरावर थर, थरावर थर, चामड्यासारखी झाली, दगडांच्या मध्ये अडकली आणि बांध घातल्यासारखं पाणी तुंबलं. खंड्या आला, वायरवर बसला, दोन दिवस पाहिलं बिचाऱ्यानं आणि गेला. बेडूक ओरडेनासे झाले. पावसाळ्यात पूर आला, तेजाब धुपून पातळ झालं, आम्हाला वाटलं, चला, सुटलो. पण परतून आलं कोण पहिल्यांदा? डास. डासांना काय, त्यांच्या अळ्या वर येऊन शेपटीनं श्वास घेतात, कसल्याही पाण्यात जगतात — आणि त्यांना खाणारा गाळातला तो ओंगळ कुठे होता? निवळ्या कुठे होत्या? मासे? दार उघडं आणि घरात कोणी नाही, अशी गत. त्या तुंबलेल्या डबक्यांवर संध्याकाळी जो आवाज यायचा ना, तोही पाकोळ्यांसारखाच बारीक, पण ऐकून अंगावर काटा यायचा. दिवाळीच्या आधी कॉलनीत घराघरात एक खाट धरलेली. थंडी वाजून ताप. कुनैन मिळायची नाही, होती नव्हती ती सगळी फौजेकडे गेलेली. चिरायता उकळून पाजायचे लोक.

अंजनीला ताप आला तेव्हा मी घाबरलो नाही. सगळ्यांनाच येऊन राहिला होता. एक दिवसाआड यायचा, उतरायचा, ती उठून भाकऱ्या टाकायची. मग तो उतरेनाच. असंबद्ध बोलायला लागली. म्हणे, दगड नीट ठेवला का. शेजारच्या इंदूताईला बसवून मी कामावर गेलो. गेलो, कारण बकलांची खेप जायची होती आणि भय्यासाहेबांनी सांगून ठेवलं होतं, खेप निघेपर्यंत चाकावरून उठायचं नाही.

ह्या गोष्टीसाठीच तुम्हाला बसवलं आहे मी. चहा घ्या, निवतो. ही गोष्ट तुमच्या वडलांनी घरी सांगितली असेल असं मला वाटत नाही. माफी पाहिजे म्हणाले असतील, कशाची ते नसतील म्हणाले. किड्यांची नाही. तापाचीही नाही. ताप कोणाला पाठवता येतो? ते मी कधीच त्यांच्या डोक्यावर ठेवलं नसतं. तेवढं समजतं मला. ऐका.

दुपारी इंदूताई धावत शेडच्या फाटकापर्यंत आली. तिच्या पायात चपलाही नव्हत्या. भय्यासाहेब फाटकाशीच होते, ट्रकची वाट पाहत. ती म्हणाली, रामरावला पाठवा, अंजनीचं काही खरं नाही, दाराकडे पाहून राहिली आहे सारखी. आणि भय्यासाहेब काय म्हणाले? म्हणाले, सांगतो मी, तू जा तिच्यापाशी. गेली बिचारी. मालक सांगतो म्हणाला, अजून काय पाहिजे? आणि दरवान निघाला होता आत मला बोलवायला, त्याला त्यांनी थांबवलं. ओठांवर बोट ठेवून. असं. दरवानानं मला पुढे स्वतः दाखवलं ते बोट. मी आत चाकावर. घर्र घर्र. बकलात माझं तोंड दिसेपर्यंत घासून राहिलो होतो. खेप भरली, ट्रक गेला, भोंगा झाला, मी हात धुतले — आणि मग ते आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, रामराव, आज जरा लवकर घरी जा.

लवकर.

घरी पोचलो तर बायकांनी तिला खाली घेतलं होतं. इंदूताई म्हणाली, इतका वेळ लावला? मी दुपारीच सांगून आले. म्हणाली, पाचोळा हलला तरी दाराकडे मान वळवायची. पाचोळा हलला तरी.

दुसऱ्या दिवशी शेडच्या फाटकात उभा राहून मी ओरडलो. जन्मात कोणावर ओरडलो नव्हतो, मला माझाच आवाज ओळखू आला नाही. सगळे चाकं सोडून बाहेर आले. भय्यासाहेबही आले. म्हणाले, रामराव, तू आधी गेला असतास तर ती काय वाचली असती? — नसती. नसती वाचली, मी काय डॉक्टर आहे? तेच तर म्हणून राहिलो मी. वाचवायला थोडंच बोलावलं होतं तिनं —

काय? कोण? कोणी नाही. गाय आहे, फाटकाला अंग घासते, रोजची आहे. हात केला तिला, जा म्हणून. तुम्ही नका वळू, मान अवघडेल, उन्हाची तिरीप येते तिकडून. इकडे पहा. कुठे होतो मी? हो. ओरडलो.

बस, त्यानंतर नाही ओरडलो. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललोच नाही. लढाई संपली, बकलं कोणाला नको झाली, शेड बंद पडली, पत्रे विकले, भय्यासाहेबांनी नेपियर टाउनमध्ये घर बांधलं आणि मोठे माणूस झाले. गणपतीत मंडळात यायचे, मधोमध खुर्ची. मी पंगतीला बसलेलो असायचो, ते वाढायला आले की पान तसंच ठेवून उठायचो. लोक म्हणायचे, रामराव, अन्नावरून उठू नये. मी उठायचो. रस्त्यात नमस्कार करायचे, मी बाजूच्या झाडाकडे पाहायचो. दिवाळीला फराळाचा डबा यायचा तुमच्या घरच्या गड्याच्या, बंडूच्या हातून, तसाच परत जायचा. तुम्हाला वाटत असेल, एवढ्यानं काय होतं? एवढ्यानंच होतं श्रीकांतबाबू. दुसरं काय होतं माझ्याजवळ? गरीब माणूस मारू शकत नाही, कोर्टात जाऊ शकत नाही. बोलणं तेवढं त्याच्या हातात असतं, ते द्यायचं नाही. एकदा ते स्वतः आले, ह्याच खुर्चीत बसले, काठी दोन पायांत धरून. म्हणाले, शिव्या दे, पण तोंड उघड. मी उठून मागच्या दारानं नाल्यावर निघून गेलो. परत आलो तर खुर्ची रिकामी होती. त्या संध्याकाळी मला जेवण गोड लागलं. देवासमोर दिवा लावताना मी काय मागायचो माहीत आहे? भय्यासाहेबांना भरपूर आयुष्य दे. भरपूर. माझ्याहून जास्त नको, पण भरपूर दे. लवकर सुटू नकोस देऊ. आणि पहा, ऐकलं देवानं. कसं ओढत आणलं इथपर्यंत.

आणि तो नाला, विचाराल तर, तो परत आला. त्यानं माफ केलं, त्याला काय, त्याची बायको थोडीच होती. शेड बंद झाल्यावर दोन-तीन पावसाळे गेले आणि हिरवे दगड काळे झाले. मी रोज जायचो, दगड उलटायचो, काही नाही. एक दिवस, असाच थंडीचा दिवस होता, पाणी पायाला झोंबत होतं — एक दगड उलटला तर खाली एक नळी. मला वाटलं जुनी, रिकामी. मग ती हलली. टेकडीखालून, वरच्या अंगानं वाहत आला असेल, अंजनी जिथून पाणी आणायची तिथूनच. पाठीवर घर घेऊन. मी त्या पाण्यात बसलो श्रीकांतबाबू, धोतर-बंडीसकट बसलो, आणि मोठ्यानं रडलो, हे मी नीलकंठलाही कधी सांगितलं नाही, भाचा आहे माझा, ह्याच क्वार्टरमध्ये राहतो मी त्याच्या. मग तीन शेपटांचे आले. मग चतुर. खंड्या तर एकदम ऐटीत, जसं काही कुठे गेलाच नव्हता. डास हटले. कोणी नारळ फोडला नाही ह्या वेळी. कोणाला पत्ताही नाही. आता तुमच्यासारखी शिकलेली माणसं म्हणतात, निसर्ग सगळं भरून काढतो. काढत असेल. मला नाही काढता आलं. मी दगड होता तसा ठेवत आलो, एवढंच. तुमच्या वडलांची जी जागा होती माझ्यात, त्याच खळग्यात, त्याच कुशीवर.

नाही, उठू नका, झालंच आता. शब्दाला जागणारा माणूस आहे मी, येतो म्हटलं तर येतो. कोट घालतो. मफलर कुठे ठेवला — खरं सांगू? तुम्ही नुसतं चला म्हटलं असतं तर मी तसाच अनवाणी निघालो असतो. म्हातारा झालो. राग धरायलाही मनगटात जोर लागतो. तुम्ही फाटकातून आत आलात, मी पाहिलं, चालणं सगळं त्यांचंच, आणि तुमच्या तोंडावर ती घाई — आधी वाटलं, जाऊ दे, उठावं, चार शब्द बोलून यावं, तेही सुटतील, मीही. खरंच वाटलं. मग तुम्ही म्हणालात, बाबा सारखे दाराकडे पाहतात. हेच म्हणालात ना? दाराकडे पाहतात. तिथे माझं सगळं बिनसलं. म्हटलं, पाहू दे. पाहू दे थोडं. दारात कोणी येत नाही म्हणजे काय होतं ते कळू दे एकदा. आणि तुम्हाला मी बसवलं, नुसतं थोडं बसवायचं होतं, चहाभर. तुम्हाला काय ठाऊक फाटकाशी उभ्या माणसाला थांबवणं किती सोपं असतं ते — काही करावं लागत नाही, भय्यासाहेबांनी तरी काय केलं, एक बोट तर ओठांवर ठेवलं, मीही आत्ता बंडूला नुसता हात —

काही नाही. काय म्हटलं मी? काही नाही, गाय. गायच म्हटलं.

बरं, पहा मग वळून. पहा. हो, बंडूच आहे. सायकल धरून उभा आहे, केव्हाचा. तुमचा चहा निवला तेव्हापासूनच. आल्या आल्या त्यानं टोपी काढली आणि हातात धरली, तेव्हाच समजलो मी, की आता तिकडे दाराकडे कोणी पाहत नाही. हाक मारणार होता तुम्हाला, मी हात केला. त्याला वाटलं, म्हातारा आहे, हळूच सांगेल, नीट सांगेल. चांगला माणूस आहे बंडू, त्याला काही बोलू नका. त्याचं काही चुकलं नाही.

मला वाटलं होतं ह्या घडीला मला बरं वाटेल. इतकी वर्षं वाटायचं, की असं काहीतरी होईल आणि मग माझी छाती हलकी होईल. तुम्ही त्यांचे असलात तरी माझ्याकडे गोट्या घेऊन यायचात ना जी, अर्ध्या चड्डीत, हे मी धरलंच नव्हतं हिशोबात. — उभे राहिलात. राहा. हे पहा, मी काठी बाजूला ठेवली, मारायचं तर मारा, ओरडायचं तर ओरडा, मी ओरडलो होतो, सगळ्या शेडसमोर ओरडलो होतो, तुम्हीही ओरडा, शेजारीपाजारी येऊ द्या बाहेर, मी सांगतो त्यांना काय केलं ते. श्रीकांतबाबू. मफलर सापडला, मी येतो तुमच्याबरोबर, त्यांच्या पायाशी बसून म्हणतो, ऐकू नाही गेलं तरी म्हणतो. थांबा तर. अहो, असे नका जाऊ, तोंडातून काहीतरी काढा, इकडे वळून —

श्रीकांतबाबू —